धावत्या वेलीचा पूर्वपक्ष

मांडव्याच्या धक्क्यावर उतरून अलिबागच्या वाटेला लागलं की झिराड-चोंढीच्या आसपास रस्त्याकडेला रोपवाटिका दिसू लागतात. आंब्याची कलमं, बोगनवेली आणि परदेशी पाम यांच्या पायाशी काळ्या पिशव्यांत एक बुटकं रोप हमखास मांडलेलं असतं. पानं तुकतुकीत, फुलं पिवळीधमक, सूर्यफुलाच्या पिल्लासारखी. कुणी त्याला वेडेलिया म्हणतं, कुणी सिंगापूर डेझी. ते विकणारा पुढे जे सांगतो, ते या किनाऱ्यावर आता जवळजवळ सिद्धान्ताच्या पदाला पोहोचलं आहे : "काका, एकदा लावा. दोन पावसाळ्यांत सगळी जमीन झाकते. तण काढायला माणूस लागत नाही."

हा सिद्धान्त मीही मानला होता. आता त्याचं खंडन करायला बसलो आहे, तर ते पश्चात्तापातून आलंय असा आरोप आधीच मान्य करून टाकतो.

शास्त्रार्थाची रीत अशी की ज्याचं खंडन करायचं त्याचा पक्ष आधी नीट मांडावा. तर पूर्वपक्ष असा. जमीन उघडी राहत नसते. तुम्ही ती मोकळी सोडलीत की टाकळा, लाजाळू, हरळी, लव्हाळा यांपैकी कुणीतरी ती बळकावणारच. मग बळकावणारा आपणच का निवडू नये? बुटका, झटपट पसरणारा आणि दिसायला बरा असा एक वेल लावला तर तो जमिनीवर सावली धरेल आणि खालचं बी उजेडावाचून रुजणार नाही. शिवाय आमच्याकडचा आषाढाचा पाऊस उघड्या मातीवर पडत नाही, आपटतो. आच्छादन असेल तर माती धुपत नाही. मजूर मिळत नाहीत हे वेगळं सांगायला नको. आणि आधार पाहिजेत तर तेही भक्कम आहेत. केरळातल्या रबराच्या मळ्यांत प्युरेरिया आणि म्युकुना ब्रॅक्टियाटा या शेंगवर्गी वेलींचं आच्छादन अनेक वर्षं नियमानं करतात. जपानच्या मासानोबू फुकुओकांनी भातात पांढरं क्लोव्हर पेरून तणाला दाबून दाखवलं. ते 'एका काडातून क्रांती'मुळे मराठी वाचकालाही ठाऊक आहे.

यातलं एकेक विधान खरं आहे. तरीही निष्कर्ष चुकतो, कारण मध्ये एक पायरी गाळलेली आहे.

तण म्हणजे काय? वनस्पतिशास्त्रात तण नावाचं कुळ नाही. नको तिथे उगवतं, हाकललं तरी जात नाही, दुर्लक्ष झालं की फोफावतं आणि शेजाऱ्याच्या डोक्यावर चढतं, त्याला आपण तण म्हणतो. आता रोपवाटिकेतला गुणगौरव पुन्हा ऐका. कुठेही लागतं, पाणी कमी पडलं तरी मरत नाही, लक्ष द्यावं लागत नाही, झपाट्यानं पसरतं. ही यादी आणि ती यादी एकच आहे, फक्त वाचणाऱ्याचा सूर बदलला. वेडेलियाच्या प्रत्येक पेराला जमीन लागली की मुळं फुटतात, म्हणून ते लवकर झाकतं. आणि त्याच कारणानं ते उपटताना एक पेर राहिलं तरी पुन्हा उभं राहतं. गुण ठेवून दोष काढून टाका, असं इथे करता येत नाही, कारण ती दोन नसून एकच गोष्ट आहे.

हे वेडेलिया मूळचं मेक्सिको-कॅरिबियनकडचं. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या तज्ज्ञगटानं जगभरच्या शंभर अतिउपद्रवी परक्या प्रजातींची जी यादी केली, तिच्यात ते आहे. त्याच यादीत आपली घाणेरी आहे, रानमोडी आहे. घाणेरी कुंपणाच्या शोभेसाठीच आणली गेली होती, हे सह्याद्रीच्या उतारावर तिचे काटे अंगावर घेताना कुणाला आठवत नाही. दक्षिण चीनमध्ये तर या पाहुणीनं तिथल्या देशी चुलतबहिणीशी संकर केला. ती बहीण म्हणजे आपल्याकडे जिला पिवळा माका म्हणतात तीच. नवं आलेलं झाड जुन्याला नुसतं झाकत नाही, त्याच्या वंशातही शिरू शकतं.

कुणी म्हणेल, एका बदनाम वेलीवरून सगळ्या पक्षाला फाशी का? म्हणून दुसरी दोन उदाहरणं घेतो, दोन्ही नेमकी आच्छादनाची. मिकानिया नावाचा वेल १९४९ साली इंडोनेशियात बोगोरच्या वनस्पती उद्यानात आणला आणि पुढे रबराखाली आच्छादन म्हणून लावला. आज तो आशियाच्या उष्ण पट्ट्यात चहा, केळी, जंगल सगळ्यांवर चढलेला आहे. दुसरं कुडझूचं. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जपानहून तो शोभेचा वेल म्हणून आला. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या मृदासंधारण खात्यानं धूप थांबवायला त्याची कोट्यवधी रोपं वाटली, लावणाऱ्याला एकरी आठ डॉलरपर्यंत अनुदान दिलं. १९५३मध्ये सरकारनं तो शिफारशीतून काढला आणि १९७०मध्ये तण म्हणून जाहीर केला. अनुदान देऊन लावलेलं झाड पुढे अनुदान देऊन उपटायची पाळी येणं, हा प्रकार आपल्यालाही अपरिचित नाही.

आता रायगडच्या किनाऱ्याकडे येतो, कारण खरी चूक इथल्या हवामानाकडे न पाहण्यात आहे.

इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. उरलेले आठ महिने आकाश कोरडं. म्हणजे इथलं तण बव्हंशी पाहुणं आहे. मृगात उगवतं, गणपतीत फुलतं, दसऱ्यापर्यंत बी टाकतं आणि कार्तिकात वाळतं. बारमाही शत्रू आहेत ते दोनच, हरळी आणि लव्हाळा. लीरॉय होम आणि सहकाऱ्यांच्या १९७७च्या प्रसिद्ध ग्रंथात जगातल्या सर्वांत वाईट तणांच्या क्रमात लव्हाळा पहिला आणि हरळी दुसरी. (या दुसरीच्याच एकवीस जुड्या आपण पालीच्या बल्लाळेश्वराला वाहतो आणि पहिल्याच्या गाठी वैद्य मुस्ता म्हणून औषधात घालतात. असो.) या दोघांचं मर्मस्थान एकच आहे : त्यांना सावली सोसत नाही. म्हणून जुन्या, भरगच्च पोफळीच्या वाडीत लव्हाळा शोधूनच काढावा लागतो.

हे मला कळलं ते उलट्या बाजूनं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या अंगानं किनाऱ्यावर चढलं आणि मुरूड, रेवदंडा, चौल, नागाव इथल्या वाड्या एका दुपारीत आडव्या केल्या. आमच्या वाडीत पोफळी काडीसारख्या मोडल्या. पोफळ फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात, त्या हिशेबानं नुकसान मोजत होतो. पण पंधरा दिवसांत वेगळंच दिसलं. जिथे आयुष्यात गवत पाहिलं नव्हतं, तिथे गुडघाभर रान माजलं. कुणीही बी आणून टाकलं नव्हतं. ते जमिनीत होतंच, वरून ऊन पडण्याची वाट पाहत. १८७९ साली मिशिगनमध्ये विल्यम बील नावाच्या प्राध्यापकानं तणांचं बी वीस बाटल्यांत भरून पुरून ठेवलं होतं. त्यातली एक बाटली २०२१मध्ये उकरली, तर १४२ वर्षांनंतरही काही बी रुजलं. आच्छादनाखाली तण संपतं, ही कल्पना या एका बाटलीत बुडते. ते थांबतं, एवढंच.

तर वादळाच्या वर्षी, घाबरून, मी वाडीच्या पश्चिमेच्या मोकळ्या कोपऱ्यात वेडेलिया लावलं. रोपवाटिकावाल्याचा शब्द अक्षरशः खरा ठरला. दोन पावसाळ्यांत कोपरा झाकला, तिसऱ्यात पाट झाकला. पाटाचं पाणी पेरं पुढच्या आळ्यांपर्यंत वाहून नेत होतं. आम्ही वेलीला रस्ताच बांधून दिला होता.

खरा हिशेब उन्हाळ्यात लागला. किनाऱ्यावरच्या विहिरींचं पाणी फाल्गुनापासून उतरतं आणि उपसा वाढला की मचूळ होऊ लागतं. पोफळीची मुळं खोल जात नाहीत, वरच्याच थरात पसरतात. चैत्रात आळ्यात सोडलेलं पाणी आधी या गालिच्याला मिळतं, मग पोफळीला. पाणी तोडलं तर गालिचा वाळून पाचोळा होतो आणि पहिल्या पावसात त्याच गाठींतून पुन्हा हिरवा. देशी तण निदान कार्तिकात आपणहून मरतं आणि खत होतं. त्याच्याशी पाण्याची वाटणी करावी लागत नाही. रबराच्या मळ्याचा आधार इथेच गळतो. केरळात नैर्ऋत्य मोसमी पाऊस गेला की परतीचा येतो, कोरडे महिने थोडे. तिथला वेल रबराची झाडं वाढून वर सावली मिटली की आपोआप विरतो, आणि तोवर प्रत्येक रोपाभोवती फिरून वेल मागे ओढायला माणसं ठेवलेली असतात. 'माणूस लागत नाही' हे तिथेही खरं नाही.

फुकुओकांचं क्लोव्हर तर थंड हवेचं पीक. भाताच्या वेळी शेतात पाणी साठवून ते क्लोव्हरला मुद्दाम दुबळं करत. म्हणजे झाकणाऱ्या झाडाला आवरायची युक्ती त्यांच्या पद्धतीतच बसवलेली होती. आपण त्यांचं झाकण घेतलं आणि आवर सोडून दिला.

आणखी एक गोष्ट बागेच्या पुस्तकांत सापडत नाही. वाडीची जमीन ही कामाची जागा आहे. पिकलेली सुपारी गळते ती रोज वेचायची असते, नारळ पडतो तो शोधायचा असतो. वीतभर दाट गालिच्यात सुपारी गेली की गेली. शोधायला हात घालायचा म्हटलं तर तिथे घोणस असू शकते, फुरसं असू शकतं, विंचू असू शकतो. विंचूदंशावर प्राझोसिन लागू पडतं हे जगाला दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर याच जिल्ह्यातल्या महाडचे. त्यांच्याकडे येणारे रोगी कुठून येत होते, हे ध्यानात घेतलं की कोकणातलं सारवलेलं, झाडून लख्ख केलेलं अंगण नुसत्या टापटिपीसाठी नव्हतं हे पटतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी त्या कोपऱ्यातल्या सुपाऱ्या वेचायला सरळ नकार दिला. त्यांनी कारण दिलं ते पुरेसं होतं : "पाय कुठं टाकते ते मला दिसाया नको?"

पूर्वपक्षातला एक सुधारक पंथ म्हणतो, परकं नको, देशी लावा. ब्राह्मी लावा, जलपिंपळी लावा. हे आवडण्यासारखं आहे, पण देशीपण हे प्रमाणपत्र नव्हे. इथल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली हरळीच तणांच्या यादीत दुसरी आहे. आणि ब्राह्मीला ओल लागते. पाटाकडेला ती छान राहते, उन्हात कोळपते.

मुळात 'जमीन पूर्ण झाकायची' ही इच्छाच मला आता खटकते. माघाच्या थंडीत अलिबाग-पेणकडे पोपटी लागते. वालाच्या शेंगा मडक्यात भरताना तळाला आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला लागतो. भांबुर्डा कुणी पेरत नाही, तो भात कापल्यावर शेताच्या कडेला आपणहून येतो. तणच तो. पावसाच्या तोंडाला बाजारात कातकरी बायका टाकळा, कुर्डू, फोडशी घेऊन बसतात, तेही तण. गौरीला तेरडा लागतो. सालिम अलींनी १९३०मध्ये सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला तो किहीमला. सुगरणीला घरटं विणायला गवताच्या पात्याच्या लांब चिरफळ्या लागतात आणि खायला गवताचं बी. आज त्याच किहीमला कुंपणाआड एकाच जातीचे गालिचे आहेत. सुगरण त्यातून काय उचलणार?

इथवर खंडन. मंडन थोडक्यात होणारं नाही, कारण माझ्या पक्षात एकदा लावून विसरायचं असं काही नाही.

पहिली गोष्ट सावली, आणि ती वरून हवी. कोकण कृषी विद्यापीठ ज्याला 'लाखी बाग' म्हणतं ती नारळात जायफळ, दालचिनी आणि काळी मिरी बसवण्याची रीत उत्पन्नासाठी सांगितली जाते. पण तिचा तणावर होणारा परिणाम मला अधिक मोलाचा वाटतो. नारळाचं असं आहे की पहिली सात-आठ वर्षं आणि मग पंचवीस वर्षांनंतर त्याच्या खाली भरपूर ऊन उतरतं. तण माजतं ते याच दोन काळांत, आणि आंतरपिकाला जागा मिळते तीही याच दोन काळांत. तण बोट दाखवून सांगतं की इथे ऊन वाया जातंय. निसर्गनं मोकळ्या केलेल्या आमच्या कोपऱ्यात वेलीऐवजी पहिल्याच पावसाळ्यात केळी, त्यांच्या आड जायफळ आणि खाली हळद-सुरण लावायला हवं होतं. ते मी चार वर्षं उशिरा केलं.

दुसरी गोष्ट, झाडावरून पडणारं आच्छादन. वाडीला वेल विकत आणायची गरज काय? नारळाच्या झावळ्या, पोफळीच्या विऱ्या, सोडणं हे सगळं वाडीतच पडतं आणि आपण ते जाळतो किंवा कुंपणाबाहेर टाकतो. झावळ्या आळ्याभोवती आडव्या-उभ्या अंथरल्या तर ऊन अडतं, ओल टिकते, आणि हे आच्छादन स्वतः पाणी पीत नाही. विंचवाचा आक्षेप माझ्यावरही येतो, हे कबूल. झावळीखालीही विंचू बसतो. फरक एवढाच की झावळी काठीनं उचलून बघता येते. घरापासून आणि पायवाटेपासून मात्र ती लांबच ठेवावी.

तिसरी गोष्ट कोयता. तण उपटू नये, खणू तर मुळीच नये, कारण माती उलथली की खालचं बी उजेडात येतं. फुलावर येण्याआधी बुंध्याशी कापावं आणि तिथेच पसरावं. आमच्याकडे नारळी पौर्णिमेच्या सुमारास एक कापणी आणि नवरात्राआधी दुसरी, एवढ्यावर भागतं. मुळं आत कुजतात ती फुकटची नांगरट. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर वर्षानुवर्षं हेच सांगत आले की तण धन खात नाही, धन देतं. आमच्याच जिल्ह्यात नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची बिननांगरणीची रीत उभी केली, तिचाही कणा मुळं जमिनीतच ठेवणं हा आहे. त्या रीतीत तणनाशक वापरतात. पोफळीच्या वाडीत, विहिरीपासून वीस पावलांवर, मी ते फवारणार नाही. तेवढा माझा मतभेद नोंदवून ठेवतो.

ज्या मोकळ्या पट्ट्यात काहीच लावायचं नाही तिथे पावसाच्या सुरुवातीला चवळी किंवा ताग दाट पेरावा आणि फुलावर आला की कापावा. हेही झाकणंच आहे, पण त्याला शेवट आहे.

धावता वेल कुठेच नको का? जांभ्याचा उभा कापलेला उतार असेल, जिथे माणूस उभा राहू शकत नाही, तिथे मी वाळा लावीन. तो ठोंबाला ठोंब वाढतो, धावत नाही. आणि पुळणीवर वेल हवाच, तो तिथे आधीपासून आहे : मर्यादवेल, बकरीच्या खुरासारख्या पानांची आणि जांभळ्या फुलांची. ती वाळू धरते, भरतीच्या रेषेपर्यंत धावते, आणि खाऱ्या लाटा तिची टोकं दर उधाणाला छाटतात. आत वाडीत आणलीत तर सावलीत जगत नाही. नागावच्या किनाऱ्यावर बंगल्यांसमोरची ही वेल उपटून तिथे हिरवळ अंथरलेली मी पाहिली आहे, त्यावर न बोललेलं बरं.

ज्यांच्याकडे वेडेलिया लागलंच आहे त्यांच्यासाठी आमचा अनुभव. पावसात हात लावू नका, तुटलेलं प्रत्येक पेर रुजतं. वैशाखात पाणी तोडा, जमीन तापू द्या, मग सतरंजी गुंडाळावी तसा कडेपासून गुंडाळत न्या. गुंडाळ्या मातीवर ठेवू नका, कातळावर किंवा पत्र्यावर महिनाभर वाळू द्या. ओढ्यात, पाटात किंवा शेजाऱ्याच्या बांधावर टाकू नका. आम्ही असं दोन वैशाख केलं. कोपऱ्यात आता केळी आहेत. गेल्या आषाढात पाट साफ करताना दगडाच्या फटीत दोन पानं आणि एक पिवळं फूल दिसलं. मावशींनी ते पेरासकट काढून चुलीत टाकलं.